धोंडूची दुसरी उडी

अक्का,

आधी भांडण, मग बाकीचं. तू शब्द मोडलास. जानेवारीत ओट्यावर उन्हाला बसून, माझ्या आणि वैशालीच्या देखत तू म्हणाली होतीस, "धोंडू दुसरी उडी मारत नही तोवर मी काही जात नही." आम्ही दोघं साक्षीदार आहोत. आणि फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी तूरडाळ निवडता निवडता तू खुशाल निघून गेलीस. ताट मांडीवर तसंच होतं. खडे एका बाजूला, डाळ एका बाजूला, निवडणं पुरतं झालेलं. तुझ्या हातून काम अर्धवट राहिल्याचं मी कधी पाहिलं नाही, म्हणून हे एक अर्धवट टाकून गेलीस याचा मला फार राग आला. अजून आहे. पण परवा संध्याकाळी जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून राग बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

सांत्वनाला दारावर येणाऱ्या मंडळींची तू काय पंचाईत करून ठेवलीस, तुला ठाऊक नाही. वैशाली तुझी सून म्हणून तुझ्यासाठी रडते ते ठीक, पण रडताना दर वेळी म्हणते, "धोंडूचं तेवढं बघायचं राहून गेलं हो अक्कांचं!" पिंपळनेरहून आलेल्या म्हाताऱ्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हाऊ धोंडू कोण शे? धाकला नातू का?" मी काय सांगणार? म्हटलं, परदेशात असतो. त्यांनी डोळ्याला पदर लावला. "त्याले येवाले जमनं नही, बिचारा." मी मान हलवली. आता साक्री तालुक्यात तुझा एक नातू परदेशी आहे आणि तो आजीच्या मौतीला आला नाही, अशी बातमी फिरत असणार. ती निस्तरायला मी जाणार नाही.

भाऊबीज चुकली होती म्हणून मी दिवाळीनंतर चार दिवसांसाठी आलो होतो. धुळ्याहून निघताना दोन सदरे, एक स्वेटर आणि रक्तदाबाच्या गोळ्या, एवढंच सामान. तू जळगावच्या दवाखान्यातून नुकतीच घरी आली होतीस आणि डॉक्टरांनी तुला चुलीजवळ जायची बंदी केली होती. धरणगावात अखाजीचा सण आला की ज्या बाईच्या दारात खापराच्या पुरणपोळीसाठी रांग लागते, तिला म्हणे विस्तवाची धग नको. तू पलंगावर बसून भिंतीकडे बघायचीस. तुला रिकाम्या हातांनी बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तुझे हात मांडीवर नुसते पडलेले असायचे आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही. म्हणून मी टीव्ही लावला.

पुढचं सगळं माझ्या आंधळेपणामुळे झालं. चष्मा धुळ्यालाच राहिला होता. तुला कीर्तन लावून द्यायला गेलो आणि रिमोटवर भलतंच बटण दाबलं. समोर पांढराशुभ्र डोंगर आला. त्या डोंगरावर एक उंच घसरगुंडी, तिच्या माथ्यावर एका आडव्या दांडीवर एक माणूस बसलेला, पायांना पुरुषभर उंचीपेक्षा लांब पट्ट्या बांधलेल्या. तो दांडी सोडून निघाला, वाकून घसरत आला आणि घसरगुंडी संपली तिथून सरळ हवेत गेला.

"ओ माय! पडना, पडना!" म्हणून तू डोळ्यांवर हात घेतलास.

तो पडला नाही. पट्ट्यांवर अंग टाकून, दोन्ही हात मागे धरून, घारीसारखा आला आणि खूप खाली बर्फावर उतरून निघून गेला. तू बोटांच्या फटीतून बघत होतीस. मग हात खाली घेतलेस आणि म्हणालीस, "आखो दखाड." मी काय आणखी दाखवणार? ते एकामागून एक येतच होते. मी चॅनल बदलायला गेलो तेव्हा तू माझ्या हातावर चापट मारलीस. दवाखान्यातून आल्यावर तुझ्या हातात पहिल्यांदा जोर आलेला होता.

पाचव्या की सहाव्या नंबरला तो आला. हडकुळा, मानेपेक्षा डोकं मोठं. नाव एवढं लांब की मी वाचेपर्यंत त्याची उडी संपली. उतरल्यावर बाकीचे उडीवाले गर्दीकडे बघून हात हलवायचे आणि गर्दीतून कुणीतरी झेंडा हलवायचं. यानं टोप काढला, त्याचे कान बाहेर आले, गर्दीकडे इकडून तिकडे बघितलं आणि हात अर्धा वर नेऊन खाली घेतला.

"त्याना कोणीच नही उना," तू म्हणालीस. झालं. तिथून तो आपला झाला. नाव तूच ठेवलंस. मी म्हटलं, अगं, हवेत उडणाऱ्याला धोंडू म्हणतं का कुणी? तू म्हणालीस, म्हणूनच. ज्या घरात लेकरं टिकत नाहीत तिथं पोराला दगडाधोंड्याचं नाव देतात, मग नजर लागत नाही. इतक्या उंचावरून उडी मारणाऱ्याला नजरेपासून सांभाळायला नको?

आणि मग फलक आला. धोंडूच्या त्या लांबलचक नावापुढे ठळक एक आकडा. मी डोळे बारीक करून वाचलं आणि ओरडलो, "अक्का, पहिला! धोंडू पहिला!" नेमकी त्याच क्षणाला लाइट गेली.

अंधारात तू उभी राहिलीस. वैशाली "अक्का, हळू" म्हणते आहे तोवर तू देवघरातला पेढ्यांचा डबा काढला होतास, तुला भेटायला येणाऱ्यांनी आणलेले पेढे. मला बॅटरी धरायला लावलीस आणि गल्लीभर दारोदार फिरलीस. "आमना धोंडू पहिला उना!" कोण धोंडू, कशात पहिला, कुणी विचारलं नाही. दवाखान्यातून आलेली अक्का स्वतःच्या पायांनी दारात आली आहे, याचाच सगळ्यांना आनंद. गल्लीच्या टोकाला दगा आबांचं किराणा दुकान. त्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "बारावीले व्हता का?"

सकाळी तुझ्या मुलानं, प्रकाशनं, मोबाइलवर बघून सांगितलं. धोंडू अडतिसावा.

अक्का, त्या सकाळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी सरकारी मोजणीदार. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. टेप शेवटच्या खुणेला टेकल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, हे मी कितीतरी पोरांना शिकवलं. आणि मी पन्नासातले पाच उडाल्यावर निकाल वाचला! कमी दर्जाचे आधी उडतात, चांगले शेवटी. जो तो उडून झाला की तेवढ्यापुरता वर जातो आणि मागून येणारे त्याला खाली ढकलत नेतात. पन्नास जणांची एक फेरी झाली की पहिल्या तिसांना दुसरी उडी मिळते, बाकीचे आपापल्या पट्ट्या खांद्यावर टाकून घरी. स्की जंपिंग नावाच्या या खेळाचं हे सगळं मी मोबाइलवर वाचून तुला समजावलं, खाली मान घालून.

तू जरासुद्धा खाली मान घातली नाहीस. "घडीभर व्हता ना पहिला? मंग? पेढा काय खोटा व्हता?"

पण दगा आबा सोडतात होय. तेव्हापासून ते आपल्या दारावरून जाताना हमखास हाक मारायचे, "काय व अक्का, घडीभरना पहिला काय म्हनस?" आणि तूही ओट्यावरून त्यांना दोन शब्द ऐकवायचीस. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं सकाळी सकाळी गल्लीत एका परदेशी पोरावरून कचाकचा भांडताहेत आणि दोघांचेही चेहरे उजळलेत. माझा परतीचा दिवस येऊन गेला. माझ्या लक्षात आलं, पण मी पिशवी भरायला घेतली नाही.

मग तो गल्ली मोजायचा दिवस. तुला मीटरचा अंदाज येईना. "एकशेवीस म्हंजे कितलं?" मी प्रकाशकडून टेप मागवला. तुला ओट्यावर बसवून शून्याचं टोक तुझ्या हातात दिलं आणि म्हटलं, सोडायचं नाही. तीस मीटरचा टेप चार वेळा टाकत मी गल्ली उतरलो, दर तिसाला खडूची खूण करत. तीस मीटर होऊन टेप पुढे गेला तरी तू रिकामी मूठ तशीच आवळून बसली होतीस, मी सोड म्हणालो नव्हतो ना. साठाला पिठाची गिरणी लागली. नव्वदाच्या जरा पुढे मारुतीचा पार. आणि बरोबर एकशेवीसला दगा आबांच्या दुकानाची पायरी. आबा गुळाची ढेप फोडत होते. मी त्यांच्या पायरीवर खडूनं रेघ मारली तशी ते घाबरले. त्यांना वाटलं रस्तारुंदीत दुकान चाललं. "बापू, आठेपावत तोडतस का काय?" मी म्हटलं, नाही आबा, इथपर्यंत उडतात.

ते ओट्यापर्यंत चालत आले. तिथून मागे वळून त्यांनी दुकानाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग धोंडू कोठे पडस?"

"मारुतीना पारपुढे," तू म्हणालीस, जरा कमीपणानं.

त्यानंतर आपल्या घरात मीटर बंदच झाले. आज धोंडू गिरणीपाशीच बसला. आज पार ओलांडला. तो पिवळा सदरा घालणारा, सगळ्यांत शेवटी उडणारा पहिल्या नंबरचा, त्याचं नाव तू ठेवलंस 'दुकानवाला', कारण तो दर वेळी आबांच्या पायरीवर. नव्या वर्षाच्या सुमाराला जर्मनी-ऑस्ट्रियातल्या उड्या चालू होत्या तेव्हा आबा स्वतः दुकान लवकर बंद करून आपल्याकडे बसायला लागले. वाऱ्यासाठी धोंडूला दांडीवर बसवायचे, पुन्हा उठवायचे, पुन्हा बसवायचे. तू कळवळायचीस. "नवरदेवले बी कोणी इतला उठाडत-बसाडत नही!" आणि इकडे आपल्याकडे थंडी पडली म्हणून पायांवर गोधडी ओढून घ्यायचीस, तिकडं बर्फात त्या पोराच्या अंगात एवढासाच सदरा आहे म्हणून वैशालीवर चिडायचीस, जसा काही तो तिनं शिवला होता.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो. लांबी की उतरणं.

माझं म्हणणं पहिल्यापासून साधं होतं. उडी म्हणजे अंतर. अंतर मोजता येतं. जो लांब गेला तो मोठा. पण या खेळात पाच पंच बसतात आणि उतरणं कसं झालं याचे गुण देतात. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवून, हात पसरून अलगद उतरलं तर गुण जास्त. दोन्ही पाय जोडून धप्पकन आपटलं तर कमी. हात बर्फाला टेकला तर गेलंच. मला हे पटेना. डोळ्यांनी दिलेले गुण म्हणजे शेजाऱ्यानं सांगितलेली हद्द, म्हटलं. तू ऐकून घेतलंस आणि पंचांचा नियम विचारलास. मी सांगितलं, पाचांपैकी सर्वांत जास्त देणारा आणि सर्वांत कमी देणारा असे दोघे बाद करतात, मधल्या तिघांचं धरतात.

"हाई बेस शे!" तू हसत सुटलीस. "जास्त लाड करनारा बी बाहेर, नावं ठेवनारा बी बाहेर. लगीन जमाडतांना असंच करानं जोयजे."

आणि मग उतरण्याबद्दल तू मला खापराचं सांगितलंस. चुलीवर पालथं घातलेलं तापलेलं खापर, आणि दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ताटाहून मोठी झालेली पोळी. लोक बघायला जमतात ते त्या फिरवण्याला. वा वा करतात. पण बाईची खरी परीक्षा नंतर, पोळी हातांवरून सुटून खापरावर पडते तेव्हा. "कितली बी मोठी कर बापू, पडतांना सुरकुती पडनी का गयी. पुरण बाहेर, पोळी कुत्राले." आपला धोंडू कमी उडतो, पण बघ कसा उतरतो, एक सुरकुती नाही, असं तू दर उडीला म्हणायचीस. मी म्हणायचो, पारापुढे उतरून काय उपयोग, दुकान गाठायला पाहिजे. तू म्हणायचीस, "तुले मोजाशिवाय काय येस?"

हे भांडण तीन महिने चाललं. सकाळच्या चहाला, दुपारी उन्हात, भरताच्या जेवणाला. तुला बिनमिरचीचं भरीत खावं लागायचं, त्याचा सगळा राग तू माझ्या लांबीवर काढायचीस. आणि आता तुला एक सांगतो, जे सांगायचं मी टाळलं. तुझं म्हणणं मला जानेवारीतच पटलं होतं.

तो जपानातल्या उडीचा दिवस. आपल्याकडे भरदुपार. धोंडू आला, पारापुढे चांगला सहा-सात पावलं गेला आणि असा उतरला की इंग्रजीत बोलणारा माणूससुद्धा मध्येच थांबला. तुझे दोन्ही हात नकळत पुढे झाले होते, पोळी सोडल्यासारखे. मी बर्फाकडे पाहिलं, मग तुझ्या हातांकडे, आणि मला ते कळलं. पण मी कबूल केलं नाही. उलट म्हटलं, अजून वीस मीटर कमी. आणि मग आपण मोजत बसलो. बाविसावा. सव्विसावा. एकोणतीस. तीस. शेवटच्या माणसानं त्याला एकतिसावा केला. अर्ध्या गुणानं.

तू रडशील असं मला वाटलं. तू पदर खोचलास आणि ओट्यावर जाऊन बसलीस. तिथंच ते वाक्य म्हणालीस, तो शब्द. पुढच्या आठवड्यात जळगावला तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आता कशी आहे तब्येत?" तू म्हणालीस, "एकतिसावी शे." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, थोडक्यात हुकतंय, असं तिचं म्हणणं आहे. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, अगदी बरोबर सांगितलं त्यांनी. परतीच्या वाटेवर तू बसच्या खिडकीतून कापसाचं पांढरं रान बघत होतीस, शेवटच्या वेचणीचं, आणि मला म्हणालीस, "बरफ पडेल दिसस." दोघंही खूप हसलो. त्यानंतर आपण तब्येतीवर बोललोच नाही.

मी का कबूल केलं नाही, ऐक. पाच वर्षांपूर्वी माझी बायको गेली तेव्हा तू धुळ्याला येऊन राहिलीस. लोक येऊन माझी समजूत घालायचे, डोक्यावरून हात फिरवायचे. तू एकदाही समजूत घातली नाहीस. तू भांडलीस. चहात साखर जास्त, दाराला कडी कशी लावतोस, भाजीवाल्यानं फसवलं, स्वयंपाकघराची मोजणी तरी कधी केलीस का. चार महिने रोज. मला तुझा एवढा वैताग यायचा की मी सकाळी उठायचो. उठून तोंड धुऊन तुला उत्तर द्यायला तयार व्हायचो. तू परत गेलीस तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जिवंत आहे. हे मी तुला कधी बोललो नाही. या हिवाळ्यात तुझे ते मांडीवर पडलेले हात पाहिले आणि मला तेवढा एकच उपाय ठाऊक होता, तुझ्याकडूनच शिकलेला. तुझं म्हणणं पटलं असं कबूल केलं असतं तर दुसऱ्या दिवशी आपण कशावर भांडलो असतो? म्हणून मी लांबी धरून बसलो. तुला हे कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. तू कधीकधी माझ्याकडे बघून उगाच हसायचीस.

आता परवाचं.

तुझा नववा दिवस. टीव्हीवर वैशालीनं चादर टाकून ठेवलेली. संध्याकाळी साडेसातला ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामा, आज फिनलंडची उडी आहे. आवाज बंद ठेवते." मी म्हटलं, सुतकाच्या घरात? ती म्हणाली, "अक्का असत्या तर कुणाचं ऐकलं असतं त्यांनी?" तिनंच चादर काढली. प्रकाश बाहेर मंडळींत बसला होता, तो आत येऊन दाराला टेकून उभा राहिला. तुझ्या पलंगावर कुणी बसलं नाही.

धोंडूचा उडायचा नंबर सातवा. वारा होता, त्याला दोनदा दांडीवरून उठवलं. वैशाली पुटपुटली, "नवरदेव." मग तो निघाला. अक्का, तो पार ओलांडून गेला. पार ओलांडला आणि आणखी पुढे, दुकानाच्या अलीकडे लिंबाचं झाड आहे ना, तिथं. आणि उतरला तो तसाच, एक पाय पुढे, एक मागे, बर्फाला कळलं नसेल कुणी आलं म्हणून. टोप काढला, कान बाहेर आले.

मग ती मोजणी. पहिला. चौथा. नववा. मी बोटांवर मोजत होतो. अठरा. तेवीस. शेवटचे तीन राहिले तेव्हा अठ्ठावीस. दोघांनी आणखी दोन पायऱ्या उतरवलं. तीस. आणि आता एकटा उरला तो दुकानवाला. पिवळा सदरा. तो कधी चुकतो? मी उठून उभा राहिलो. मला बघायचं नव्हतं आणि मान फिरवता येत नव्हती.

तो सुटला आणि दर वेळेसारखाच आबांच्या पायरीवर आला. धोंडूहून कितीतरी लांब. माझ्या टेपानं मोजलं तर वादच नव्हता. पण उतरताना त्याची एक पट्टी डगमगली, तो मागे बसला आणि त्याचा हात बर्फाला टेकला. लगेच उठला, धडधाकट, हसलासुद्धा. पंचांचे गुण आले. मधल्या तिघांनी चांगलेच कापले होते. फलकावर नावं खालीवर झाली.

दुकानवाला एकतिसावा. धोंडू तिसावा.

वैशाली माझ्या गळ्यात पडून रडली. प्रकाश दारातच खाली बसला. आणि मी, अक्का, मी तुझ्या रिकाम्या पलंगाकडे बघून मोठ्यानं बोललो, "उतरणं. मान्य. उतरणंच." बाहेरच्या मंडळींनी आत डोकावून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारा खचला.

दुसऱ्या फेरीत तिसावा सगळ्यांत आधी उडतो. धोंडू पुन्हा दांडीवर येऊन बसला. ज्याला कधी दुसऱ्या फेरीला बसायला मिळालं नव्हतं, तो. या वेळी गर्दीकडे बघत नव्हता. सुटला, आला, लिंबाच्याही जरा पुढे, आणि सुरकुती न पाडता उतरला. फलक आला. त्याच्या नावापुढे एक.

मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"मामा!" वैशाली ओरडली. "अजून एकोणतीस जण आहेत!"

"असू देत," मी म्हटलं. "लाइट गेली."

चपला घातल्या आणि गल्ली उतरलो. गिरणी, पार, लिंब, दुकान, त्याच्या पुढे चौक. चौकातल्या दुकानातून पेढे घेतले आणि तिथून परत दारोदार देत आलो. "आमचा धोंडू पहिला आला." सुतकातलं घर म्हणून लोक आधी बिचकले. मी कडक सरकारी आवाजात सांगितलं, लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीनच दिवस, माझं फिटलंय, आणि पेढे घरातले नाहीत, चौकातले आहेत. नियमाला धरून असल्यावर कोण नाही म्हणणार? सगळ्यांनी घेतले. कशात पहिला, हे या वेळीही कुणी विचारलं नाही.

दगा आबांच्या दुकानात मात्र मी सगळ्यांत शेवटी गेलो. ते काउंटरवर मोबाइल टेकवून बसले होते. तू गेल्यावर आपल्या घरी यायला त्यांना धीर झाला नसावा, म्हणून एकटेच बघत होते. मोबाइलवर उड्या चालूच होत्या. म्हणजे खरा आकडा त्यांच्या समोर होता. मी खोका पुढे केला आणि म्हटलं, "आबा, धोंडू पहिला आला."

आबांनी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणतात घडीभरचा. त्यांनी मोबाइल उचलून पालथा ठेवला.

"उनाच ना," ते म्हणाले. "मी दख्खं."

आणि दोन पेढे उचलले. त्यांना साखरेची बंदी आहे, एकसुद्धा चालत नाही, म्हणून मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. एक त्यांनी तोंडात टाकला. दुसरा घेऊन ते पायरी उतरले आणि माझ्याबरोबर गल्ली चढायला लागले, एकशेवीस मीटर, थांबत थांबत. आपल्या ओट्याशी आले, तू शून्य धरून बसली होतीस त्या जागेवर तो पेढा ठेवला, आणि म्हणाले, "हाऊ तुना, अक्का."